साडेतेराचे नऊ: एका छोट्या शेठच्या थपडेचा तपास

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या एका केळी पॅकहाउसच्या दारात घरचा धाकटा मुलगा कोल्ड स्टोरेज सांभाळणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत थप्पड मारतो. त्याचा महिन्याचा पगार अडवतो. मग रजिस्टरचं एक पान टरकावून खिशात कोंबतो. मुलगा २९ वर्षांचा, पोरगा २२ चा. पोराचा बाप याच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आहे आणि तो दहा पावलांवर ट्रॅक्टरजवळ उभा आहे.

रोजच्या अर्ध्या तासाच्या मालिकेतला हा अठरावा भाग. मालिका, घर, माणसं या अभ्यासापुरती रचलेली आहेत, म्हणून नावं न देता नात्यानेच ओळखू: आप्पा (बाप), ताई (बहीण), मुनीमजी, कोल्डचा पोरगा आणि थप्पड मारणारा धाकटा, ज्याला सगळे ‘भैय्या’ म्हणतात तो. केळीचा धंदा, तापमानाचे आकडे आणि खान्देशातले रिवाज मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत.

भैय्या असा का वागतो? पहिल्या खर्ड्यात उत्तर एका शब्दाचं होतं: माज. गाडी धुरळा उडवत येते, गॉगल, लाथेने उडवलेलं क्रेट, ‘माझ्या बापाचं आहे सगळं’, थप्पड, ढोल. पाहणाऱ्याला कळतं की हा वाईट आहे. पुढे काही कळत नाही, आणि रोजच्या मालिकेत हेच महागात पडतं. अठराव्या भागात थप्पड मारणाऱ्याला पंचविसाव्यात त्याहून मोठं काहीतरी करावं लागतं, चाळिसाव्यात आणखी मोठं, आणि शंभराव्यापर्यंत तो अपहरण करत असतो. वाईटपणाला कारण नसलं की तो फक्त आकाराने वाढत जातो.

कोणाला काय येतं

हा प्रसंग धंद्याच्या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून आधी तो आकडा.

निर्यातीच्या केळीचा घड बागेतून आला की फण्या सुट्या करतात, पाण्यात धुऊन चीक काढतात, निवडतात, प्लास्टिकची पिशवी लावलेल्या खोक्यात साधारण १३ किलो भरतात. मग खोकी कोल्डमध्ये. केळीसाठी आकडा १३ ते १४ अंश. त्याखाली गेलं की साल थंडीने भाजते. माल बाहेरून हिरवागार दिसत राहतो, पण नखाने सालीचा पापुद्रा काढला तर खाली तपकिरी रेषा दिसतात, आणि पुढे पिकवणीत केळ पिवळं होण्याऐवजी राखाडी, मळकं पडतं. नुकसान आज होतं, दिसतं दोन-तीन दिवसांनी. नाटकासाठी यापेक्षा सोयीची चूक शोधून सापडणार नाही.

आखाजी येते ऐन उन्हाळ्यात. रावेर-यावल पट्ट्यात तेव्हा पारा ४४ च्या आसपास असतो. बागेतून आलेलं केळ आतून पस्तिशीच्या वर तापलेलं असतं. त्याला साडेतेरावर आणायला कित्येक तास लागतात, आणि खोक्यातल्या पिशवीमुळे वेळ आणखी वाढतो. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला वाटतं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं. पाण्याच्या माठाबद्दल ते खरंही आहे.

आता घर. आप्पा बांधावरून नुसती बाग बघून सांगतात, किती गाड्या माल निघेल. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या प्रकारांतला फरक त्यांना लांबून कळतो, आणि बऱ्हाणपूरच्या बाजाराचा केळीचा भाव निघायच्या आधी ते अंदाज सांगतात तो सहसा फार चुकत नाही. ताई लग्न होऊन नाशिकला गेली, पण बारावीपासून घरचे हिशेब तिने ठेवले आहेत. मुनीमजींना प्रत्येक शेतकऱ्याची उधारी पाठ. कोल्डच्या पोराने आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केलाय. आणि भैय्याकडे पुण्याची एमबीएची पदवी, ‘संचालक, निर्यात’ असं छापलेलं कार्ड, फॉर्च्युनर आणि पेट्रोलपंपावर घराचं खातं.

बँकेचा ओटीपी मात्र आप्पांच्या मोबाइलवर येतो.

पात्राची सगळी कुंडली या एका तपशिलात आहे. भैय्याला खर्चाची मुभा आहे, निर्णयाची नाही. तो ५०,००० रुपयांची वर्गणी मंडळाला देऊ शकतो, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा करू शकतो. पण एका शेतकऱ्याला क्विंटलमागे २० रुपये जास्त द्यायचे तर त्याला विचारावं लागतं. त्याच्याकडची सत्ता उसनी आहे, आणि ती कोणत्याही क्षणी, कुणाच्याही समोर परत मागितली जाऊ शकते. परत मागायचं वाक्यही ठरलेलं: ‘तू ऱ्हाऊ दे, मी पायतो.’

हे वाक्य आप्पा रागाने म्हणत नाहीत, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. भैय्या दहा वर्षांचा असताना सायकलची चेन बसवत होता, तेव्हा ते म्हणाले. हात काळे होऊ नयेत म्हणून. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा वजनकाट्यावर उभा राहिला, तेव्हा म्हणाले. ऊन लागू नये म्हणून. एकोणतिसाव्या वर्षीही म्हणतात, आता सवयीने. बापाने कधी हात उगारलेला नाही. क्रूर बाप लिहिला की सगळं सोपं होतं आणि प्रकरण बिघडतं, कारण क्रूर बापाशी भांडता तरी येतं. लाडाने काम काढून घेणाऱ्या बापाशी कशावरून भांडायचं?

थपडेआधीचे तीन दिवस

पात्र वाईट का वागलं ते शोधायची एक साधी रीत आहे. त्याच्या बालपणात जायचं नाही. कृतीपासून उलटं, तासातासाने मागे जायचं आणि दोनच गोष्टी टिपायच्या: त्याला छोटं कोणी केलं, आणि ते होताना कोण बघत होतं. शक्यतो दोन-तीन दिवसांच्या पलीकडे जायचं नाही. बालपण हे कारण असतं, पण ठिणगी नसते, आणि प्रसंगाला ठिणगी लागते.

तीन दिवस आधी, दुपारी. आप्पा पुण्याला नात्यातल्या लग्नाला निघतात. रात्रीतून वीस टनांचा कंटेनर भरायचाय. गाडीत बसताना ते कोल्डची किल्ली काढतात आणि भैय्याच्या खांद्यावरून हात लांब करून मुनीमजींना देतात. भैय्या हातात गाडीची किल्ली फिरवत उभा असतो. कोल्डचा पोरगा खोकी मोजत असतो. तो बघतो आणि लगेच मान खाली घालतो. ती मान खाली घालणं महत्त्वाचं आहे. त्याने बघितलं नसतं तर ही नुसती किल्लीची देवाणघेवाण होती.

त्याच संध्याकाळी ताई माहेरी येते. आखाजीला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घर भरतं. आप्पांचा रस्त्यातून फोन येतो, भैय्या उचलतो, आणि आप्पा म्हणतात, ‘जरा ताईकडे दे.’ बिलातला एक आकडा विचारायचा असतो. ताई दोन वाक्यात सांगते आणि फोन परत भैय्याच्या हातात देते. तोवर तो कट झालेला असतो.

रात्री साडेनऊ. एजंटचा फोन: गाडी सकाळी सहाऐवजी पहाटे चारला लागेल. खोक्यांत थर्मामीटरची सुई घालून बघितलं तर केळ आतून अजून २२ अंशांवर. मुनीमजी जेवायला घरी गेलेत, किल्ली खुंटीवर आहे. आप्पा परत यायच्या आत, कुणाला न विचारता, कंटेनर रवाना झालाय अशी ही पहिलीच संधी. भैय्या पोराला सांगतो, नऊवर घे.

‘भैय्या, साडेतेराच्या खाली नका जाऊ. साल काळी पडते.’

‘बाहेर दिवसा चव्वेचाळीस असतं. तू मले थंड शिकवशील?’

पोरगा आकडा नऊवर घेतो. रजिस्टरमध्ये दर तासाला तापमान लिहून सही करायची पद्धत असते, ती तो पाळतो आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितो: ‘भैय्यांच्या सांगण्यावरून ९.’ त्यात कावा नाही. उद्या विचारलं तर सांगता यावं, एवढंच. पहाटे कंटेनर त्याच आकड्यावर लावून न्हावा शेवा बंदराला निघतो. मालाचे नमुने म्हणून दोन खोकी मागे ठेवलेली असतात.

नंतरचे दोन दिवस भैय्या अतिशय चांगला वागतो. हे पहिल्या खर्ड्यात अजिबात नव्हतं आणि ते नसल्यामुळेच तो कागदी वाटत होता. तो लोडिंगवाल्यांना बर्फाचं पाणी आणि कुल्फी मागवतो, ताईच्या मुलांना जळगावला फिरवून आणतो, मुनीमजींना ‘बसा हो जरा’ म्हणतो. त्याने काहीतरी केलंय आणि ते जमलंय असं त्याला वाटतंय. त्याचा चांगुलपणा खोटा नाही. चाळीस तासांपुरता तो खरोखरच तसा आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा परततात. ताई सहज नमुन्याचं खोकं उघडते, एक केळ घेते, नखाने साल खरवडते. तपकिरी रेघ. ‘हे काय झालं रे?’ आप्पा केळ हातात घेतात, रेघ बघतात, कोल्डच्या आकड्याकडे बघतात (तो आता साडेतेरावर आहे), आणि काहीच बोलत नाहीत. मग मुनीमजींकडे वळून, ‘एजंटला फोन लावा. मी पायतो.’

यावेळी ‘तू ऱ्हाऊ दे’ हा अर्धा भाग गळालाय. म्हणायचीही गरज राहिलेली नाही.

भैय्या दारात येतो. पोरगा रजिस्टर हातात घेऊन उभा आहे, कारण आप्पा मागतील हे त्याला ठाऊक आहे. थप्पड इथे पडते.

बापाचा राग पोरावर? नाही

या प्रसंगाचं सर्रास केलं जाणारं स्पष्टीकरण असं: बापावर चालत नाही, म्हणून गड्यावर काढला. ‘वड्याचं तेल वांग्यावर’ ही म्हण तयारच असते. म्हण चांगली आहे, पण इथे चुकते, आणि कुठे चुकते ते कळलं की प्रसंग वेगळा लिहिता येतो.

ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःबद्दल फुगीर कल्पना असलेली माणसं अपमान झाल्यावर जास्त आक्रमक होतात, हे त्यात दिसलंच. पण ती आक्रमकता अपमान करणाऱ्यावरच निघाली. ज्याचा काही संबंध नव्हता अशा तिसऱ्या माणसावर निघाली नाही. म्हणजे भैय्याने पोराला निवडलं असेल, तर त्याच्या लेखी पोरगा तिसरा माणूस नाही, तोच अपमान करणारा आहे. का? तो रात्री बरोबर होता म्हणून. शिवाय त्याने किल्ली जाताना पाहिली, ‘तू मले शिकवशील?’ ऐकून घेतलं, आणि सगळं कागदावर लिहून ठेवलं. बापाने भैय्याला छोटं केलं. पोराने ते पाहिलं आणि त्याची नोंद ठेवली. असुरक्षित माणसाला दुसरं जास्त जिव्हारी लागतं.

म्हणूनच तो पान फाडतो. मारणं हे रागाचं झालं. पान फाडणं हे भीतीचं. पहिल्या खर्ड्यात फक्त थप्पड होती. दुसऱ्या खर्ड्यात क्रम उलटा केला: आधी तो हात पुढे करून रजिस्टर मागतो, पोरगा क्षणभर देत नाही, आणि त्या क्षणभरासाठी थप्पड पडते. चांगला नट असेल तर नजर पोराच्या तोंडावर नाही, शेऱ्याच्या रकान्यावर ठेवेल.

२००९ सालच्या एका अभ्यासात नॅथनेल फास्ट आणि सेरेना चेन यांनी असं मांडलं की सत्ता एकटी माणसाला आक्रमक करत नाही. सत्ता हातात असून आपण तिला पुरे पडत नाही असं वाटणं करतं. आणि त्या माणसाला स्वतःबद्दल बरं वाटेल असं काही मिळालं की ही आक्रमकता उतरते. भैय्याचे ते कुल्फीचे दोन दिवस म्हणजे याच निष्कर्षाची खान्देशी आवृत्ती. पात्र उभं करताना हे दोन्ही भाग लागतात: खुर्ची, आणि खुर्चीत पाय जमिनीला टेकत नाहीत ही जाणीव. खुर्ची काढली तर तो नुसता दुःखी तरुण, जाणीव काढली तर नुसता गुंड.

आपल्याकडे हे कोणी नवं शोधलंय असंही नाही. मयसभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो. सभापर्वातल्या निवेदनात हसणारे आहेत भीम, त्याचे भाऊ आणि सेवक. पण दुर्योधन घरी येऊन स्वतः हकिगत सांगतो तेव्हा हसणाऱ्यांच्या यादीत कृष्ण येतो, आणि बायकांसह द्रौपदीही येते. (‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही.) ज्याला आपलं हसं होण्याची धास्ती असते त्याच्या आठवणीत साक्षीदार वाढत जातात. पुढे भर सभेत कोणाला ओढून आणलं गेलं, ते सांगायला नको. कौरवांचा हा थोरला काही कमी असलेल्या घरातला नव्हता.

या कसोटीने भैय्याची बाकीची वागणूकही आपोआप जुळते. मुनीमजींवर तो ओरडत नाही, टोमणे मारतो, कारण त्यांनी त्याला लहानपणापासून पाहिलंय आणि त्यांना मारणं म्हणजे सगळंच कबूल करणं. ताईशी तो थट्टेने वागतो आणि ती आली की दोन दिवस घरात थांबत नाही. हायवेवरच्या ढाब्यावर वेटरला ५०० ची टीप देतो, अनोळखी माणसाच्या पंक्चर झालेल्या गाडीसाठी अर्धा तास उन्हात उभा राहतो. ज्यांनी त्याला चुकताना पाहिलेलं नाही त्यांच्याशी तो उमदा आहे. सारंगखेड्याला घोडा घेताना तर विशेष: तिथे त्याचं न कळणं कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी विकणारा बोलणार नाही.

खर्डा कसा बदलला

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांची कथा मिळते. पहिल्या खर्ड्यात थप्पड आणि तिचे पडसाद यांनी १४ मिनिटं खाल्ली होती: मारणं, सगळ्यांचे चेहरे, पुन्हा मारणं स्लो मोशनमध्ये, आईचं रडणं. बदललेल्या खर्ड्यात थप्पड ४ सेकंदांची, एकदाच, लांबून. किल्ली द्यायच्या दृश्याला दीड मिनिट, फोनला एक, रात्रीच्या कोल्डला पाच, कुल्फीला दोन, नखाने साल खरवडण्याला अडीच. भाग संपतो तो थपडेवर नाही. ट्रॅक्टरजवळ उभा असलेला सालदार टोपी काढून पुन्हा घालतो, तिथे संपतो.

सालदाराचं तिथे असणं हा योगायोग वाटू नये म्हणून आखाजी. खान्देशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी चालतं. रक्कम, धान्य, कपडे यांची बोली त्या दिवशी नव्याने होते आणि जुना सालदार राहतो की दुसरं घर धरतो तेही तेव्हाच ठरतं. म्हणजे भैय्याने थप्पड मारली ती वर्षातल्या नेमक्या त्या दिवशी, जेव्हा त्या बापाला उद्या सकाळी ‘राहू का जाऊ’ हे ठरवायचंय. हाच प्रसंग पोळ्याला घातला तर थपडेला किंमत उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या भागाला लागणारी गाठ इथेच बसते: पित्रांची घागर भरली जातेय, पुरणपोळी-आमरसाचं ताट वाढलं जातंय, आणि बाहेर ओट्यावर बोलीला बसायला सालदार आलाय की नाही याकडे आप्पांचं लक्ष आहे. भैय्या पत्त्यांच्या डावात बसलाय. आखाजीला पत्ते चालतात, त्यामुळे त्याला तिथे बसायला निमित्तही लागत नाही.

भाषेबद्दल थोडं, कारण इथे मालिका हमखास घसरतात. खान्देश म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी अहिराणी घालायची पद्धत पडली आहे. अहिराणी धुळे-नंदुरबारकडची, अमळनेर-चाळीसगावकडची. सावदा-रावेर-यावलकडे तावडी आणि लेवा बोली. अहिराणीत ‘माले’, इकडे ‘मले’. तिकडे ‘मना’, इकडे ‘माह्या’. भैय्या पुण्यात राहून आलाय म्हणून पुस्तकी मराठी बोलतो, आणि त्याला डिवचलं की बोली बाहेर येते: ‘तू मले थंड शिकवशील?’ या वाक्यातलं ‘मले’ हाच त्याच्या संतापाचा थर्मामीटर आहे. सगळा भाग त्याला बोलीत बोलायला लावला तर हा आकडा वाचताच येणार नाही.

आणखी एक सोय या प्रकरणात उपयोगी पडली. लेखनाच्या टेबलावर भैय्याची जमाखर्चाची वही ठेवायची. पाच रकाने: कितवा भाग; काय झालं; कोणी पाहिलं; कुणावर निघालं; मध्ये किती वेळ गेला. अठराव्या भागासाठी ओळ अशी: किल्ली मुनीमजींना, पोराने पाहिलं, पोरावर, सुमारे तीन दिवस. वीस-पंचवीस भाग भरले की दोन दोष चटकन दिसतात. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो राग लेखकाचा आहे, पात्राचा नाही. आणि पाचव्या रकान्यात सगळीकडे ‘लगेच’ असेल तर पात्र स्टोव्हसारखं झालंय: काडी लावली की भडका. सुरुवातीच्या भागांत अंतर कमी ठेवावं, म्हणजे पाहणाऱ्याला जोडी लक्षात येते. पुढे ते वाढवावं. साठाव्या भागातल्या अपमानाचं उत्तर पंचाहत्तराव्यात आलं, की प्रेक्षक स्वतः म्हणतो, हे त्या दिवसाचं आहे. तेव्हा संवाद लागत नाही.

कुठे फसतं

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे कीव. कारण सापडलं की लेखकाला पात्राचं प्रेम वाटू लागतं, आणि तिसऱ्या खर्ड्यात पावसात भिजणारं लहान पोर, बासरी आणि ‘मला कधी कुणी समजूनच घेतलं नाही’ येतं. कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे. हे पाळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: मार खाल्लेल्याचा हिशेब भैय्याच्या हिशेबाइतक्याच बारकाईने ठेवायचा. पोराचा किती दिवसांचा पगार अडला, त्या आखाजीला त्याच्या घरी आंबे आले का, त्याच्या बहिणीला माहेरी आणायला कोण गेलं, बापाने बोली केली का. त्याला नुसतं भैय्याचा आरसा करून ठेवला तर आपणही त्याच्याशी भैय्यासारखेच वागलो. पहिल्या खर्ड्यात त्याला एकही वाक्य नव्हतं. आता त्याची चार आहेत, आणि चारही तापमानाबद्दल.

दुसरा खड्डा पात्राच्या तोंडी त्याचंच निदान. ‘मी असुरक्षित आहे ताई’ असं कोणी म्हणत नाही, निदान सावद्यात तरी. ज्याला हे म्हणता येतं तो पान फाडत नाही. ताईनेही ते सांगू नये. तिला फार तर एवढंच कळावं की फोन आपल्या हातात यायला नको होता. आणि तेही तिने मनातच ठेवावं.

तिसरा, सून. चॅनेलला भैय्याची लोकप्रियता गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांत वाढलेली दिसली की प्रेमळ बायको आणून त्याला सुधारायची मागणी येते. प्रेमाने हा माणूस सुधारणार नाही, कारण त्याला प्रेमाची कमतरता नाही. बापाने लाडच केलाय. कमतरता आहे ती एका कामाची, जे त्याला खरोखर येतं आणि येतं हे चार लोकांना माहीत आहे. फास्ट आणि चेन यांचा निष्कर्ष इथे पटकथेच्या कामी येतो, पण अर्धाच: पोकळ कौतुक दोन दिवस चालतं, कुल्फी वितळेपर्यंत. पुढच्या ट्रॅकमध्ये आप्पा त्याला ‘शाबास’ म्हणत असतील तर कशाबद्दल, हे नेमकं लिहिलेलं असावं. वजनकाटा, निवडणी, खोकं भरणं, यातलं एखादं आणि तेही महिनाभर. तिथे ‘तू ऱ्हाऊ दे’ म्हणायचा मोह आवरताना आप्पांची होणारी तगमग हे नटासाठी भैय्याच्या संतापापेक्षा अवघड काम आहे. आणि मालिकेसाठी जास्त टिकाऊ.

आप्पांना दोषी ठरवण्याची घाई करू नये. वीस टन माल राखाडी झाला तर ज्यांचे पैसे बुडतात ते आप्पा आहेत. ज्या शेतकऱ्यांचा माल होता त्यांना पैसे द्यायचे आहेत ते त्यांनाच. ओटीपी त्यांच्याकडे असण्यामागे एक वाजवी भीतीसुद्धा आहे, आणि नऊच्या आकड्याने ती खरी ठरली. बापाच्या अविश्वासाने मुलगा चुकतो आणि मुलाच्या चुकीने बापाचा अविश्वास पक्का होतो. हे चक्र कुणाच्या दुष्टपणाशिवाय फिरत राहतं, म्हणून तर ते शंभर भाग पुरतं.

सध्याच्या खर्ड्यात एकोणिसाव्या भागाचं शेवटचं दृश्य मोकळं ठेवलेलं आहे. आखाजीची रात्र, झोके थांबलेत, पुढचा कंटेनर भरायचाय. कोल्डचा पोरगा आलेला नाही. त्याच्या जागी तात्पुरता माणूस आहे, ज्याला आकडे माहीत नाहीत आणि जो भैय्याला विचारतो, ‘कितीवर ठेवू?’ आजूबाजूला कोणी नाही. फाडलेलं पान अजून खिशात आहे. भैय्याने ‘साडेतेरा’ म्हणायचं, की पोराला फोन लावायचा, की ‘आप्पांना विचार’ म्हणून निघून जायचं, यावर पुढचे चाळीस भाग अवलंबून आहेत.

तिन्ही लिहून पाहिले. फोन लावण्याचा सगळ्यात चांगला वठला, कारण त्यात पोरगा फोन उचलतो, आणि दोघंही काही वेळ बोलत नाहीत, आणि मागे कंप्रेसर चालू होतो.